शुक्रवारचा गजरा

आंधळ्या माणसाला देव भरपाई देतो, असं डोळसांना फार वाटतं. मी बोटांनी बाईच्या छातीतली तुरीच्या डाळीएवढी गाठ शोधते म्हटलं, की समोरची हमखास म्हणणार, "देवाची करणी बघा!" देव कसला? प्रशिक्षणात शिव्या खाऊन खाऊन शिकलेय मी ते. पण डोळसांना करणी आवडते, मग आपण तरी कशाला त्यांचा हिरमोड करा.

मी हेमांगी मगदूम. मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात स्पर्शतपासणीचं केंद्र आहे, तिथे तपासनीस. आमच्यातली एकही डोळस नाही, तशी अटच आहे. बाईच्या छातीवर उठावाच्या ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या, पट्टी-पट्टीने बोटं सरकवत न्यायची आणि काही लागलं तर कुठल्या ठिपक्यापाशी ते डॉक्टरांना सांगायचं. मशीन आहे की. पण तरुण बाईच्या दाट छातीत मशीनला सगळंच पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच. शिवाय मशीन जतच्या पलीकडल्या वस्त्यांवर जात नाही. आम्ही जीपने जातो.

आमचा एक नियम होता. स्वतःची तपासणी स्वतः करायची नाही. आपला हात आपल्यालाच फसवतो. भ्यायलेला असला तर नसलेली गाठ त्याला लागते आणि फारच भ्यायलेला असला तर असलेली लागत नाही. म्हणून प्रत्येकीची एक जोडीदारीण ठरलेली. दर वर्षी श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी, घरोघरच्या जिवतीच्या पूजा उरकल्या की आम्ही दुपारी केंद्रात जमायचो आणि एकमेकींना तपासायचो. काही लागलं नाही तर तपासणारीने दुसरीच्या केसांत गजरा माळायचा. लागलं तर गजरा नाही, सरळ सोनोग्राफी. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. तपासून घेणारीने तर आधी चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर समोरचीची बोटं नेमकी तिथेच घुटमळतात.

माझी जोडीदारीण यशोधरा. यशो माझ्या लग्नात होती, माझा नवरा गेला तेव्हा होती, आणि तिच्या रेवतीला जन्मल्यावर आईच्या आधी मी हातात घेतलं होतं. जोडीदारीण बदलणं आमच्याकडे काडीमोडाइतकंच वाईट समजलं जायचं.

मी मुदतीआधी जन्मले आणि काचेच्या पेटीतच डोळे गमावून बसले. यशोचं तसं नव्हतं. ती लहान असताना ताप डोक्यात गेला आणि दिसायचं थांबलं. तिला एकच गोष्ट पाहिलेली आठवायची, ती म्हणजे अंगणातली पिवळी बादली. आई नाही, बाप नाही, बादली! मी तिला त्यावरून पुष्कळ छळायची.

मग इस्पितळात डॉक्टर मुनोत आले, मेंदूचे. त्यांनी नेत्रसेतू आणला.

पहिल्या भेटीत त्यांनी आम्हा दोघींना बसवून सगळं समजावलं. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, मेंदूचा जो भाग असतो तो बघण्यासाठी. डोळ्यांतून काही आलंच नाही तर तो भाग रिकामा राहत नाही. घरातली एक खोली मोकळी पडली की भाऊबंद आपल्या कणग्या आणून टाकतात ना, तसं. स्पर्श येतो, आवाज येतो आणि हळूहळू ती खोली त्यांचीच होते. लहानपणी आंधळं झालेलं माणूस बोटांनी ठिपके वाचतं तेव्हा मेंदूचा हा बघण्याचा भागच काम करत असतो.

"म्हणजे आम्ही बोटांनी बघतोच की," यशो म्हणाली.

"तसं म्हणा हवं तर. थांबा, दाखवतो."

त्यांनी तिच्यासमोर ठिपक्यांचं पान ठेवलं आणि डोक्यामागे एक चुंबकाची चकती धरली. यशो खडाखडा वाचत होती. चकती टकटकली आणि ती अडखळली.

"अहो, ठिपके कुठे गेले?"

"जागेवरच आहेत. मी तुमच्या मेंदूचा मागचा भाग क्षणभर गप्प केला."

मग माझी पाळी. बोटांखाली कागद होता, खरखरीत काहीतरी होतं, पण अक्षर म्हणून काहीच नव्हतं. चकती काढल्यावर मी आधी साडीचा काठ चाचपून पाहिला, मग टेबलाची कड, मग यशोचा हात.

नेत्रसेतू म्हणजे चष्म्यात कॅमेरा आणि मेंदूच्या त्या भागावर तारांचा एक पातळ पापुद्रा. पण खोलीत भाऊबंद बसलेले, नवीन माणसाने राहायचं कुठे? म्हणून एक औषध. त्याने मोठ्या माणसाचा मेंदू काही आठवडे लहान मुलासारखा मऊ होतो, जुन्या जोडण्या सैल पडतात आणि कॅमेऱ्याचे संकेत जागा धरतात. मऊपणा एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा ते औषध लागू पडत नाही.

"आणि भाऊबंद?" मी विचारलं.

"स्पर्श थोडा कमी होईल. किती, ते आज कुणालाच सांगता येणार नाही." डॉक्टर मुनोत खोटं बोलले नाहीत, हे मी आजही म्हणेन.

मी नको म्हटलं. मला बघायचं तरी काय होतं, मिरजेतले खड्डे? पण यशोला रेवतीला बघायचं होतं. पोरगी बारा वर्षांची झालेली, आईच्या खांद्याला लागलेली. "ती हसती तवा आवाजच येत नाही गं," यशो मला म्हणाली. "गालाला हात लावला तर कळतंय. आता ती हात लावू देत नाही. मोठी झाली ना."

मी तिच्याकडून एकच वचन घेतलं. बोटं गेली तर त्याच दिवशी सांगायचं. तिने रेवतीची शपथ घेतली.

पहिले काही महिने तिला नुसते उजेडाचे डाग दिसत. मग कडा आल्या, मग दारं-खिडक्या, मग माणसं. डॉक्टर मुनोतांनाही वाटलं नव्हतं इतकी यशो शिकत गेली. एके दिवशी ती केंद्रात आली आणि दारातच रडायला लागली. रेवती आरशासमोर केस विंचरत हसली होती आणि ते तिने खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहिलं होतं. मीही रडले. मला फार आनंद झाला होता, आणि थोडी असूयाही वाटली होती.

"आणि मी कशी दिसते गं?"

"माझ्या मनात तू उंच होतीस," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. पुढे तिने बाजारातून पिवळी बादलीही आणली. पण आपली बादली याहून पिवळी होती, असं तिचं म्हणणं.

केंद्रातलं काम तिने चालूच ठेवलं, आंधळेपणाच्या अटीची आठवण कुणी काढली नाही. हळूहळू तिचं वागणं बदललं. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावायचं तिने सोडलं. ठिपक्यांची पुस्तकं कपाटात गेली. "आता डोळ्यांनी वाचायला शिकतेय, दोन्ही कशाला?" मला ते पटलं.

पण शिबिरात एका बाईने माझ्याशी बोलताना म्हटलं, "त्या चष्मावाल्या ताईंचा हात लई जड झालाय बघा. आदी कसा फुलावानी फिरायचा." ज्याला लागत नाही तोच दाबतो. मी यशोला बाजूला घेतलं.

"यशो, खरं सांग. बोटं कशी आहेत?"

"हायत की. का गं?"

"हात जड झालाय म्हणतात."

"हेमा, मी रेवतीची शपथ घेतलीय. कमी झालं असतं तर मला कळलं नसतं काय?"

तिचा आवाज मी ओळखते. ती खोटं बोलत नव्हती. तरी मी डॉक्टर शहापुरेंच्या कानावर घातलं. त्या आमच्या केंद्राच्या प्रमुख. त्यांनी यशोची परीक्षा घेतली. परीक्षेसाठी आमच्याकडे रबरासारख्या मऊ पदार्थाची एक छाती होती, आत लहान-मोठ्या गाठी पुरलेल्या. आमची सगळ्यांची परीक्षा तिच्यावरच व्हायची. यशोने सगळ्या गाठी शोधल्या. मी कधी सगळ्या शोधल्या नव्हत्या.

मी तिची माफी मागितली. तिने माझ्या डोक्यात टपली मारली.

त्या वर्षीच्या श्रावणी शुक्रवारी मी पडद्याआड झोपले आणि तिने पट्ट्या लावल्या. आठवडाभर आधी आंघोळ करताना काखेखाली मला काहीतरी लागल्यासारखं झालं होतं. लागलं की भास, ते ठरवायचा अधिकार माझ्या हाताला नव्हता. मी नियमाप्रमाणे गप्प राहिले. यशोची बोटं पट्टी धरून खाली आली, वळली, काखेकडे गेली. त्या जागेवर आली. बोटं दाबत पुढे निघून गेली, जराही न थांबता.

मला इतकं हलकं वाटलं! माझ्या बोटांना भास झाला होता, आणि ज्या बोटांना सगळ्या गाठी सापडतात त्यांना इथे काही सापडलं नव्हतं. यशोने माझ्या केसांत गजरा माळला. मी घरी जाताना जीपच्या ड्रायव्हरलाही पेढे दिले. त्याला का ते कळेना.

दिवाळी होऊन गेली तेव्हा ती जागा ब्लाउजला काचायला लागली. आता भास म्हणायची सोयच नव्हती. मी आमच्यातल्या सुनंदाताईंकडे गेले, वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांचं बोट टेकलं आणि तिथेच राहिलं.

"हेमे, हे कवापासनं हाय?"

"श्रावणात यशोने पाहिलंय."

त्यांनी मला सरळ सोनोग्राफीला नेलं. पुढच्या तपासण्यांमध्ये कळलं, की ते हाडांत उतरलंय.

डॉक्टर शहापुरेंनी यशोला बोलावलं, मलाही आणि डॉक्टर मुनोतांनाही. टेबलावर तीच रबराची छाती ठेवल्याचा आवाज आला. मग कापडाची सळसळ झाली. डॉक्टरांनी तिच्यावर पातळ पंचा पसरला होता.

"तपासा, यशोधरा."

यशोची बोटं पंच्यावरून फिरायला लागली. बराच वेळ फिरत राहिली. "थांबा मॅडम, लागेल," ती म्हणाली. पुन्हा सुरुवातीपासून गेली. "कापडामुळं होतंय. थांबा, लागेल."

"हेमांगी, तुम्ही तपासा."

त्या पंच्यावरून मला चार गाठी पटापट लागल्या. पाचवी जरा शोधावी लागली.

मग डॉक्टरांनी पंचा काढला. "आता कुठे आहेत, यशोधरा?"

"इथं, इथं... इथं." एकामागून एक. तिचं तिलाच कळलं होतं.

ती छाती आंधळ्या बायकांसाठी बनवलेली होती. दिव्याखाली आतल्या गाठींच्या सावल्या वर दिसतात, हे आम्हाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आणि डॉक्टर शहापुरे इतकी वर्षं आमच्यात राहून, आपल्यापैकी कुणी बघू शकतं हे विसरून गेल्या होत्या. यशोने लबाडी केली नव्हती. डॉक्टर मुनोत नंतर म्हणाले, की बातमी कुठल्या दाराने आली ते मेंदू माणसाला सांगत नाही. डोळ्याला सावली दिसायची आणि यशोला वाटायचं की गाठ बोटाला लागली. माणसाच्या अंगावर सावली नसते, तिथे तिला काहीच लागत नव्हतं. काही लागत नाही म्हणजे काही नाही, असंच तिला वाटत राहिलं.

"चष्मा काढा माझा," यशो किंचाळली. "तारा काढा. मला माझी बोटं परत द्या."

"तारा काढल्या तर दिसायचं बंद होईल," डॉक्टर मुनोत म्हणाले. "बोटं परत येणार नाहीत. मेंदू आता पुन्हा मऊ होत नाही."

मला तेव्हा तिचा राग आला का? आला. भयंकर आला. ती माझ्या पायाशी बसून रडत होती आणि मी पाय मागे घेतला. मला जगायचं होतं. गजरा माळून मी पेढे वाटले होते.

पण राग धरून बसायला वेळ नव्हता. चष्मा आल्यापासून यशोने किती बायकांना "मोकळी आहेस" म्हणून घरी पाठवलं होतं! केंद्रातल्या बाकीच्यांनी मिरज-सांगलीकडच्या वाटून घेतल्या. जतपलीकडच्या वस्त्या राहिल्या, त्या तिच्या आणि माझ्या होत्या. तिथल्या तरुण पोरींसाठी सोनोग्राफीची तारीख मागितली तर पुढच्या पावसाळ्यातली मिळत होती.

आणि माझं कॅन्सरचं औषध लगेच सुरू करायचं होतं. त्या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात. काहींची सुधारतात, काहींची कधीच नाही.

"थोडं थांबून सुरू केलं तर?" मी डॉक्टर शहापुरेंना विचारलं.

"हेमांगी, वेडेपणा करू नका. तुमच्याकडे आधीच वेळ कमी आहे."

"बरी होणार आहे का मी?"

त्या गप्प राहिल्या. डोळस माणसं अशा वेळी मान हलवतात आणि समजतात, आपण उत्तर दिलं. पण गप्प राहिल्याचंही उत्तर ऐकू येतंच.

मी थांबायचं ठरवलं. मोठेपणा म्हणून नाही. माझ्यात शाबूत असलेली एकच गोष्ट होती आणि ती वाया जाऊ द्यायची नव्हती. यशोला मी सोबत घेतलं, कारण कुठल्या वस्तीत कुणाला तपासलं ते तिलाच माहीत होतं. जीपमध्ये आम्ही बोलत नव्हतो. दारात गेल्यावर बोलायचं काम तिचं. ते मी तिच्यावर सोपवलं होतं, आणि त्यात माझा राग होताच.

"बाई, मी तुम्हाला तपासलं होतं. माझ्याकडून चूक झाली असंल. ह्या ताई परत बघणार हायत."

कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. एका सासूने तिला अंगणातून हाकलून दिलं आणि सुनेला मात्र माझ्यासमोर आणून बसवलं. माझ्या हाडांत ठणका लागायचा तेव्हा यशो न सांगता माझ्या पाठीला हात लावून उभी राहायची. मी तो हात झटकायचं सोडून दिलं. कधी सोडलं, ते आता आठवत नाही.

तिघींच्या छातीत मला गाठ सापडली. दोघींची लहान होती, त्या वाचतील म्हणतात. तिसरी, लेकुरवाळी पोर, तिची माझ्यासारखीच होती. तिला मी हात लावला आणि मला पुढचं सगळं कळलं. तिने विचारलं, "गेल्या बारीला तर काय नव्हतं म्हणल्या की वो?" यशो बाहेर जाऊन जीपच्या चाकापाशी ओकली.

त्यानंतर माझं औषध सुरू झालं. केस गेले, मग बोटं गेली. आता मला पांघरुणाचा काठ कळत नाही, गोळी हातात आहे की पडली ते कळत नाही. ठिपक्यांचं पान म्हणजे नुसता कागद. डॉक्टर मुनोतांची चकती कुणीतरी कायमची धरून ठेवल्यासारखं झालंय. लोक मला आता विचारतात की आंधळं असणं कसं असतं. ते मला आत्ता कुठे कळतंय.

काल श्रावणी शुक्रवार होता. मी घरीच असते. दुपारी यशो आली, बरोबर गजऱ्याचा वास. केंद्रातली नोकरी तिने सोडली. चष्म्याने शिलाई जमते तेवढी करते. रेवती तिच्याशी बोलत नाही, वस्तीवरची ती लेकुरवाळी गेल्याचं ऐकल्यापासून.

ती माझ्या खाटेशेजारच्या सतरंजीवर आडवी झाली.

"तपास," म्हणाली.

"यशो, माझी बोटं..."

"शुक्रवार हाय. जोडीदारीण हायस ना माझी?"

मी खाली उतरले. तिने पट्ट्या स्वतःच चिकटवल्या आणि माझा हात धरून पहिल्या पट्टीच्या सुरुवातीला ठेवला. मी बोटं सरकवायला लागले. तिचा श्वास वर-खाली होतोय एवढं मनगटाला कळत होतं. बोटांखाली काहीच नव्हतं, कातडी नव्हती, ऊबही नव्हती. मी एकही पट्टी सोडली नाही. काखेपर्यंत गेले, परत आले.

तपासणी संपली. तिने गजरा माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसली, केस पुढे घेऊन. मी गजरा तसाच धरून राहिले.

"घाल की," ती म्हणाली.

मी गजरा माझ्या उशाशी ठेवला.

"उद्या सोनोग्राफीला जा."

यशो वळली. "का गं? काय लागलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच लागलं नाही. म्हणून जा."